कृषी केंद्राचं बिल उतरवायचं असेल तर सेंद्रियच्या आधी हे बघा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळच्या आर्णी तालुक्यात ५ एकर कोरडवाहू, त्यात ३ एकर कपाशी-तूर आणि २ एकर सोयाबीन, २०२५ च्या खरिपात कृषी केंद्राचं बिल ५८ हजारांवर गेलं, कापूस विकून ते फेडलं आणि हातात काहीच उरलं नाही. आता शाश्वत शेती करायची म्हणताय तर एकदम सेंद्रियवर जाऊ का, आणि दुकानदार म्हणतो औषध सोडलं तर पीक हातचं जाईल, वडील त्याचंच ऐकतात, मग खरं कोणाचं.

मी दोन्हीकडचा माणूस आहे. घरची कोरडवाहू शेती आहे आणि बरीच वर्षं कृषी केंद्रही चालवतोय, कृषी विक्रेत्यांसाठीचा तो वर्षभराचा देसी डिप्लोमा पण केलाय (आठवड्याला एक दिवस वर्ग असतो त्याचा, आमच्यासारख्या दुकानदारांनी तो मनापासून करावा असं माझं मत आहे, नुसतं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला नको). त्यामुळं काउंटरच्या अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही सांगतो, काही दुकानदार मित्रांना हे आवडणार नाही, चालतंय.

सेंद्रिय की रासायनिक हा पहिला प्रश्न नाहीच आहे. पहिला प्रश्न हा, की तुमच्या वावरात काय पडणार हे ठरवतं कोण. आत्ता ते उधारीची वही ठरवते. जोवर माल उधारीवर येतो तोवर तुम्ही जैविक घ्या नाहीतर रासायनिक, निवड तुमची नसतेच, आणि ही गोष्ट सुटल्याशिवाय सेंद्रियवर गेलात तर फक्त एवढंच होईल की डब्यावरचं लेबल हिरवं होईल आणि बिल तेवढंच राहील. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, जैविक औषधांच्या नावाखाली बाटलीमागं हजार रुपये मोजणारे गिऱ्हाईक मी रोज बघतो.

तुम्ही बिलांचे फोटो टाकलेत ते बरं केलंत. मी ते चार ढिगांत टाकले. बियाणं साधारण १३ हजार, खत १७ हजार, कीडनाशक-तणनाशक १६ हजार आणि उरलेले १२ हजार कशाचे, तर टॉनिक, ह्युमिक, सिलिकॉन, मायक्रोन्यूट्रियंटच्या बकेटा, विद्राव्य खतं, आणि एक कुठलंतरी फुलगळ थांबवणारं. हा चौथा ढीग आधी धरा. यातलं बरंचसं तुम्ही मागितलेलंच नसणार, ते तुम्हाला दिलं गेलंय.

कसं दिलं जातं ते ऐका. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, डीएपीचं ५० किलोचं १३५० ला, हे भाव ठरलेले, त्यात दुकानदाराला हमाली-भाडं वजा जाता फारसं काही राहत नाही. पण वरून गाडी येते तेव्हा युरिया-डीएपीसोबत न खपणारा माल गळ्यात मारला जातो, यालाच आम्ही लिंकिंग म्हणतो. हे बेकायदेशीर आहे, सगळ्यांना माहीत आहे, तरी सीझनच्या तोंडावर खताची टंचाई असली की चालतंच. दुकानदार काय करणार, तो ते पुढं तुमच्या पोत्यासोबत लावून देतो. दुसरी गोष्ट मार्जिनची. टॉनिकच्या बाटलीत जे मार्जिन असतं ते युरियात नसतं, वर कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं तर स्कीम, कधी सोनं कधी परदेशवारी. आणि तिसरी गोष्ट, उधारीवाला गिऱ्हाईक भाव विचारत नाही. तो विचारूच शकत नाही. पैसे दिवाळीनंतर कापूस विकल्यावर देणार म्हटल्यावर रेट जास्त लागला तरी तो गप्प बसतो, व्याज वेगळं लिहिलेलं नसतं पण ते बाटलीच्या भावात बसलेलं असतं. दुकानदार वाईट असतो असं नाही हो, त्याचेही पैसे गावात अडकलेले असतात, त्यालाही डिस्ट्रिब्युटरला द्यायचे असतात, म्हणून तो जास्त मार्जिनचा माल पुढं सरकवतो. हे चक्र आहे आणि ते तुमच्या बाजूनंच तोडावं लागतं, कारण त्याच्या बाजूनं तोडायचं त्याला काहीच कारण नाही.

म्हणून पहिलं काम, पीककर्ज. तुमच्या सातबाऱ्यावर बँकेचं किंवा सोसायटीचं पीककर्ज आहे का हे तुम्ही लिहिलं नाहीत. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य टक्के पडतं. लोक काय करतात, मार्चमध्ये नवं-जुनं करतात, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलतात, आणि आलेला पैसा लग्नात नाहीतर घरात जातो, मग जूनमध्ये पुन्हा कृषी केंद्राची उधारी. कर्ज त्याच कामाला वापरा, जूनच्या आधी यादी घेऊन दोन दुकानांत रोखीचा भाव विचारा, फरक तुम्हालाच दिसेल. दोन-तीन हजारांचा तरी निघतोच, जास्तही निघेल.

आता खत. इथं जरा थांबून हिशोब करू कारण इथंच खरा पैसा जातो आणि जमिनीचंही नुकसान इथंच होतं. तुमच्या बिलात ३ एकर कपाशीला डीएपीची ५ पोती आहेत. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, म्हणजे एका पोत्यात २३ किलो स्फुरद, ५ पोत्यांत ११५ किलो. आणि कोरडवाहू बीटीला (बोंडअळीविरुद्धचं जनुक घातलेल्या कपाशीला) अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ६०:३०:३०, म्हणजे एकरी २४ किलो नत्र, १२ स्फुरद, १२ पालाश. तीन एकराला स्फुरद लागतं ३६ किलो. तुम्ही टाकलं ११५! जास्तीचं स्फुरद काही पिकाला मिळत नाही, आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते बांधलं जातं, वर जस्त आणि लोह पिकाला मिळायचं कमी होतं, मग पानं पिवळी पडतात, मग तुम्ही दुकानात येता आणि मग तुम्हाला मायक्रोन्यूट्रियंटची बकेट मिळते. समजलं का चौथा ढीग कुठून येतो ते.

त्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. त्यात १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक. कपाशीला एकरी दीड पोतं सुपर म्हणजे १२ किलो स्फुरद झालं, पोटॅश २० किलो म्हणजे १२ किलो पालाश झालं, आणि युरिया एका पोत्यापेक्षा जरासा जास्त, पण तो एकदम नाही, पेरणीला थोडा, महिन्यानं थोडा, आणि पात्या-फुलं लागायच्या वेळी उरलेला, प्रत्येक वेळी जमिनीत ओल असतानाच आणि डवऱ्यामागं मातीत गाडून. वर फेकून ठेवलेला युरिया उडून जातो, पाऊस जोरात आला तर वाहून जातो, आणि पाऊस चुकला म्हणून एकदाच दोन पोती टाकली तर पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, नुसती माजते आणि मावा-तुडतुडे त्याच हिरव्यागार पानावर आधी येतात. सोयाबीनला तर सुपरच पाहिजे, कारण तेलबियांना गंधक लागतं आणि डीएपीत ते नसतं. एकरी ३ पोती सुपर टाकलं की २४ किलो स्फुरद आणि वर साडेसोळा किलो गंधक आपोआप येतं, सोबत युरिया अर्धं पोतं पुरे, पालाश माती परीक्षण बघून. सुपर दाणेदार घ्या, नामांकित बनावटीचंच घ्या, कारण सुपरमध्ये बनावट माल सगळ्यात जास्त फिरतो, आणि ई-पॉसवर अंगठा लावल्यावर पावती घेतल्याशिवाय पोतं उचलू नका.

माती परीक्षण सांगतो पण लांबण लावत नाही. मे महिन्यात, खत टाकायच्या आधी, धुऱ्याजवळची, झाडाखालची, जुन्या उकिरड्याची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या, बाजूची माती खरवडा, सगळी मिसळून चार भाग करत करत अर्धा किलो ठेवा. रिपोर्ट आला की सगळ्यात आधी सेंद्रिय कर्ब बघा, म्हणजे जमिनीत कुजलेल्या काडीकचऱ्याचा अंश किती ते. बाकी आकडे नंतर. कर्ब ०.५ च्या खाली असेल, आपल्याकडं बहुतेक तसाच निघतो, तर मग कुठलंही खत टाका ते पुरेसं लागू पडणार नाही.

तो कर्ब वाढवायचा तर शेणखत पाहिजे आणि जनावरं तर राहिली नाहीत, हे मला माहीत आहे. पण तुमच्याकडं ३ एकरातली पराटी आहे, तुरीची तुराटी आहे, सोयाबीनचं कुटार आहे. पराटी तुम्ही धुऱ्यावर रचता, थोडी चुलीत जाते, बाकीची पेटवून देता, बरोबर ना? त्या रचलेल्या पराटीत आणि तिला लटकलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या सीझनची वाट बघत बसलेली असते. डिसेंबरअखेर कपाशी उपटा, फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर त्याच झाडांचं पुढं लांबवलेलं पीक, ठेवू नका, पाच-सहा क्विंटल जास्तीच्या मोहापायी अळीला अख्खा उन्हाळा काढायची सोय होते, पुढच्या वर्षी ती सगळ्या गावाला पुरते. पराटी भाड्याच्या श्रेडरनं बारीक करून वावरातच टाका किंवा एका कडेला थर देऊन, शेणकाला शिंपडून, ओल ठेवून कुजवा. पहिल्याच वर्षी काही जादू दिसणार नाही. दोन-तीन सीझननंतर जमीन भिजल्यावर पायाला मऊ लागते आणि पावसाचा खंड पडला तरी पीक चार दिवस जास्त दम धरतं, कोरडवाहूत हे चार दिवसच तर विकत मिळत नाहीत.

जीवामृताचं विचारलंत. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, एवढंच ते आहे. घरी गाय असेल तर जरूर करा, फायदाच आहे, पण ते खताचा पूर्ण बदल आहे असं धरून चालू नका, जमिनीत कुजायला काही असेल तर जीवामृत ते कुजवायला मदत करतं, कुजायलाच काही नसेल तर काय करणार ते. आणि कॅनमध्ये मिळणारं जीवामृत विकत घेऊ नका, मी दुकानदार असून सांगतो.

ओलीचं विसरलोच होतो, खरं तर हे आधी यायला पाहिजे. पेरणी उताराला आडवी करा. सोयाबीन बीबीएफनं पेरा, म्हणजे रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी, जास्त पाऊस झाला तर पाणी सरीनं निघून जातं आणि खंड पडला तर वरंब्यात ओल राहते. गावात बीबीएफ मिळत नसेल तर डवरणीच्या वेळी दर चार-सहा ओळींनंतर एक मृत सरी काढा, डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळली की सरी पडते, पैसे शून्य. कपाशीत तुरीची ओळ सोडू नका, तुरीचा पालापाचोळा पडतो तो फुकटचं खत आहे आणि कापूस गेलाच तर तूर तेवढी तरी हाताला येते.

बियाण्याचं बोलू. बीटीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट २०२५ ला ९०१ रुपयांना होतं, सरकारनं ठरवलेला भाव, तुमची ६ पाकिटं ५,४०६ ला. तिथं वाचवायला फार काही नाही, पण एखाद्या वाणाची हवा झाली की लोक ब्लॅकनं दुप्पट पैसे देऊन घेतात, तसं करू नका, एका वाणात आणि दुसऱ्यात तेवढा फरक नसतो. १४०-१५० दिवसांत येणारा, पानावर लव असलेला वाण बघा, लव असली की तुडतुडे कमी बसतात. चोर बीटी, म्हणजे परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणारं बी, अजिबात नको. त्याचं बिल नसतं, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडं करणार, आणि त्यावर जे ग्लायफोसेट तणनाशक मारतात त्याचं लेबल आपल्या देशात कपाशीवर नाहीच आहे, ते चहामळे आणि पीक नसलेल्या जागेपुरतं आहे.

सोयाबीनचे जे ७ हजार गेले ते मात्र पूर्ण वाचतात. सोयाबीन सरळ वाणाचं पीक आहे, घरचं बी चालतं, उत्तम चालतं. काढणीला पाऊस न लागलेल्या तुकड्यातलं वेगळं काढा, थ्रेशरचा वेग कमी ठेवून मळा, कारण सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार नाजूक असतं आणि आपटलं की आतला अंकुर मरतो, पोती उंचावरून टाकू नका, सातच्या वर थप्पी लावू नका. मे महिन्यात एक ओलं गोणपाट घ्या, त्यावर न निवडता १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा आणि सहा-सात दिवसांनी उघडून निरोगी कोंब मोजा. ७० किंवा वर निघाले तर एकरी ३० किलो पेरा, ६५ निघाले तर दोन-अडीच किलो जास्त, फारच कमी निघाले तर ते बी तेलाला विका आणि मग विकत आणा. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय नाही आणि बी दीड इंचाच्या खाली नाही. एवढं करून दुबार पेरणी टळली तर सीझनमधली सगळ्यात मोठी बचत तीच.

आता औषध, तुमचा मुख्य सवाल. दुकानदार म्हणतो औषध सोडलं तर पीक जाईल. अर्धं खरं आहे. गुलाबी बोंडअळी आता बीटीला दाद देत नाही, २०१७ ला आपण सगळ्यांनी ते भोगलं, त्यामुळं काहीच करू नका असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या बिलात पहिली फवारणी लागवडीनंतर विसाव्या दिवशी आहे. बीटीचं बी रसशोषक किडींच्या औषधाची प्रक्रिया करूनच येतं, त्या दिवसांत तुम्ही जे मारलंत त्यानं मावा थोडा मेला असेल आणि ढालकिडे, क्रायसोपा हे तुमच्या बाजूनं लढणारे सगळे मेले असतील, मग पुढं पांढरी माशी आणि तुडतुडे वाढले की त्यांना खाणारं कोणी उरत नाही आणि फवारणीवर फवारणी लागते. सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड गटातलं औषध मारलं तर पांढरी माशी वाढते, हे कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत सापडेल.

पहिले दोन महिने ५ टक्के निंबोळी अर्कावर काढा. जून-जुलैत निंबोळ्या पडतात त्या गोळा करून सावलीत वाळवा, ५ किलोचा भरडा करून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळा, २०० ग्रॅम कपडे धुवायचा साबण वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात टाका आणि सगळं मिळून १०० लिटर करा. त्याच दिवशी फवारा, संध्याकाळकडं, शिळा अर्क कामाचा नाही. यानं अळी धडाधड मरत नाही, म्हणून लोक नाराज होतात. ते किडीला पानावर बसू देत नाही, खाऊ देत नाही, वाढू देत नाही, ते काम दुसऱ्या दिवशी जाऊन डोळ्याला दिसत नाही.

बोंडअळीसाठी फुलं लागायच्या आधी, पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास एकरी २ कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे, पिकाच्या जरा वर, त्यातली वासाची गोळी म्हणजे ल्युअर तीन-चार आठवड्यांनी बदलायची. रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजा. लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले तर ती वेळ. सोबत वावरात तिरपं चालत जा आणि वीस-वीस फुलं बघा, डोमकळी झालीय का, म्हणजे फूल न उमलता पाकळ्या वरून चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहिल्यात का, तोडून बघितली तर आत बारीक अळी सापडेल. पुढं हिरवी बोंडं, बोटांनी दाबून फोडायची, बाहेरून काहीच दिसत नाही कारण अळी एकदम लहान असताना आत शिरते आणि छिद्र बुजून जातं, आत सरकी खाल्लेली आणि रुईला डाग. १०० मधली १० फुलं किंवा १० बोंडं खराब निघाली की तेव्हा रासायनिक फवारणी करायची, तेव्हा करायलाच पाहिजे, सेंद्रियचा हट्ट धरून बसू नका. आणि अळी आत गेल्यावर कितीही भारी औषध मारा तिला लागत नाही, म्हणूनच हे मोजणं आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी कॅलेंडर बघून मारलेल्या तुमच्या निम्म्या फवारण्या या हिशोबात बसत नाहीत. कपाशी मे महिन्यात कोरड्यात टोबू नका एवढंही पाळा, लवकर लागलेल्या पात्यांवरच उन्हाळ्यातून उठलेले पतंग अंडी घालतात आणि तिथून पुढं सगळं शिवार धरतं.

दुकानातून तीन डबे एकत्र मिसळून मारायला सांगितले तर नाही म्हणा. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि वर युरिया, असं कॉकटेल आपल्याकडं सर्रास होतं. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते, पराटी डोक्याएवढी वाढलेली, दमट हवा, मिश्रणं, पॉवर पंपाचा दाट फवारा आणि अंगावर साधा शर्ट, सगळं एकत्र आलं. डब्यावरचा त्रिकोण बघायची सवय लावा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल त्रिकोणाचं मी माझ्या दुकानात ठेवणं बंद केलंय, गिऱ्हाईक शेजारच्याकडं जातं, जाऊ द्या. लेबलवर कपाशी आणि तुमची कीड दोन्ही लिहिलेली असतील तरच ते औषध तुमचं. फवारणारा मजूर असेल तर हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे तुम्ही द्यायचे, आणि रिकामा डबा पाणी प्यायला ठेवायचा नाही, भोक पाडून टाकायचा.

जैविक मालाबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला खाणारी बुरशी), रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) हे जिवंत असतात. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ वर जातो आणि दुकानाचं गोदाम पत्र्याचं असतं, त्यात महिनाभर पडलेलं पाकीट म्हणजे नुसती भुकटी. लोक म्हणतात आम्ही वापरलं, काही फरक नाही पडला, कसा पडणार. अशा वस्तू कृषी विज्ञान केंद्रातून किंवा विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून पेरणीच्या तोंडावर ताज्या आणा, तारीख बघून, ओल्या फडक्यात गुंडाळून. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक किंवा कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू, सावलीत वाळवून लगेच पेरणी. सोयाबीनला एवढं केलं तर नत्राचा बराच भार मुळांवरच्या गाठी उचलतात.

पूर्ण सेंद्रियचं शेवटी घेतलं कारण ते शेवटीच यायला पाहिजे. सेंद्रिय प्रमाणपत्रात बीटी चालत नाही, म्हणजे तुम्हाला सरळ वाण किंवा देशी कपाशी लावावी लागेल आणि त्याचं चांगलं बी वेळेवर मिळवणं हीच मोठी कसरत आहे. हंगामी पिकाला निदान २ वर्षं रूपांतराची, त्या काळात उतारा घटतो आणि भाव साध्या कापसाचाच मिळतो. शेजारच्या वावरातून फवारा उडून येतो ते वेगळंच. ५ एकरवाल्यानं एकट्यानं हे करू नये. गटानं करायचं असेल तर पीजीएस-इंडियाचा, म्हणजे गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेती तपासून प्रमाणपत्र घ्यायचा, मार्ग आहे, आणि २०१८ ला आपल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावानं जे सेंद्रिय शेतीचं मिशन सुरू झालं त्याचे गट यवतमाळमध्येही आहेत, जवळचा गट गाठा, त्यांचा माल नक्की कोण घेतो आणि मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय भाव दिला हे दोन प्रश्न विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या. बेटर कॉटनचा (कमी पाणी-औषधात कापूस पिकवायच्या जागतिक कार्यक्रमाचा) गट गावात असेल तर त्यातही जा, तिथं रसायनं पूर्ण बंद नसतात, प्रशिक्षण चांगलं मिळतं, फक्त कापसाला जास्तीचा भाव मिळेलच असं धरू नका, तसं त्यात बांधलेलं नाही.

एकटे असाल तर दुकानदार तुमचं ऐकणार नाही, हेही खरं. पण दहा-पंधरा कास्तकारांनी मिळून एप्रिल-मेमध्ये एकच यादी केली, सुपर इतकी पोती, ल्युअर इतक्या, साधा पोटॅश इतका, आणि ती रोखीनं किंवा अर्धी आगाऊ देऊन मागितली, तर तोच दुकानदार टॉनिकचं नाव न काढता माल आणून देतो. मी स्वतः अशा एका गटाला माल देतो, मार्जिन कमी मिळतं पण पैसा अडकत नाही, मला उलट ते परवडतं. जवळ शेतकरी कंपनी असेल आणि तिच्याकडं खताचा परवाना असेल तर अजून सोपं. कुठंही घ्या, बिलावर लॉट नंबर आणि बॅच नंबर पाहिजे, बियाण्याचं रिकामं पाकीट टॅगसकट आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा, उगवण फसली तर पंचायत समितीत तक्रार करताना त्याच्याशिवाय तुमचं कोणी ऐकणार नाही.

वडिलांशी वाद घालू नका. त्यांना दुकानदारानं अडल्या वेळी, कदाचित घरच्या दुखण्यात सुद्धा, उधार दिलेलं असतं, त्या वहीत फक्त औषधांचे पैसे लिहिलेले नसतात. त्यांना सांगा, चौथा ढीग यंदा आणायचा नाही, कपाशीला डीएपीऐवजी सुपर, आणि सोयाबीन घरच्या बियाण्याचं, एवढ्या तीनच गोष्टी सगळ्या ५ एकरांवर. फवारणीचा मोजून निर्णय मात्र एका एकरावरच करू द्या म्हणा, बाकीच्या दोन एकरांत त्यांच्या पद्धतीनं. दोन्हीकडची वेचणी वेगळी तोला आणि खर्च वेगळ्या पानावर लिहा. सापळ्यातले पतंग मोजायला सकाळी त्यांनाच सोबत न्या, जुन्या माणसाची नजर आपल्यापेक्षा चांगली असते, डोमकळी त्यांना आधी सापडेल. बिलांच्या फोटोत तणनाशकाचं नाव नीट दिसत नाहीये, ते कळवा, तुरीच्या ओळीवर ते चालतं का ते बघून सांगतो.